ओढीचा भाव

पेटीसमोर रेवती उभी राहिली, तशी वाद्यांच्या दुकानातल्या पाटीवरची किंमत भराभर चढली. हल्लीच्या पाट्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांतली ओढ ओळखत. ज्याला वस्तू जास्त हवी, त्याला ती महाग. नको असेल त्याला भरघोस सवलत.

रेवती बाहेर आली आणि नवऱ्याला म्हणाली, “सुधन्वा, तू जा. तुला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. तुला स्वस्तात मिळेल.”

सुधन्वा आत गेला. काचेतून बघणारी रेवती चक्रावली. त्याच्यासाठी किंमत तिच्याहूनही वर गेली होती! ती धावतच आत शिरली.

“तुला कशाला हवीय रे पेटी?”

“मला पेटी नकोय गं,” तो ओशाळून म्हणाला. “तुझी आई गेल्यापासून तू साधं गुणगुणतही नाहीस. पेटी आली तर गाशील, असं वाटलं.”

रेवती तिथेच, दुकानदारासमोर, हलक्या आवाजात गाऊ लागली. सुधन्वा तृप्त होऊन ऐकत होता आणि पाटीवरची किंमत हळूहळू उतरत होती.

ती त्यांच्या आवाक्यात येताच रेवतीने गाणं न थांबवता त्याला हातानेच खुणावलं, की आता पैसे भर.