फाटकाचा खांब

कॉर्नवॉलमधली मॉर्वेना रोज सकाळी प्रार्थना म्हणत शेतवाटेवरच्या जुन्या दगडी क्रूसाला हात लावी. त्यावर दोन्ही हात पसरलेला ख्रिस्त कोरलेला होता. आज तिच्या दिराने, पेरनने, त्याच क्रूसाला फाटकाचा खांब करून टाकले होते. ख्रिस्ताच्या कुशीत भोक पाडून बिजागरीचा खिळा ठोकला होता.

“लाज नाही वाटली, पेरन? काढ तो खिळा!”

“वहिनी, सहाशे वर्षं नुसताच उभा होता. थोडं काम करू दे की!”

“काढ म्हणते ना!”

तिचा इतका चढलेला आवाज त्याने कधी ऐकला नव्हता. कुरकुरत त्याने पक्कड लावून ओढले. खिळा हलेना. दोघेही वाकून पाहू लागले.

ख्रिस्ताचा आता एकच हात पसरलेला होता. दुसऱ्याची दगडी मूठ खिळ्याभोवती आवळलेली होती.