भाड्याचा उंबरा
"शनिवार-रविवार जरा हवापालट," असं शेजाऱ्यांना सांगून शिंपीकाकांनी शहरात दुसरं घर भाड्यानं घेतलं. खरं कारण फक्त बायकोला ठाऊक होतं. समोरच्याच इमारतीत त्यांची लेक राहत होती. तिनं मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून चार वर्षांपूर्वी त्यांनीच तिला बजावलं होतं, "माझ्या घराचा उंबरा पुन्हा चढायचा नाही." दोन महिने दोघं नवरा-बायको पडद्याआडून तिच्या गॅलरीत वाळणारे इवले कपडे बघत होती. मापावरून काकांनी ओळखलं, मूल वर्षाचं असेल. नातू की नात, ते विचारणार कुणाला? त्या शनिवारी मात्र दोरी रिकामी होती आणि खिडक्या बंद. "लेकराला बरं नसेल का हो? जाऊन बघा ना," बायको म्हणाली. "कुठल्या तोंडानं जाऊ?" म्हणत काका सकाळभर येरझाऱ्या घालत राहिले. शेवटी राहवेना, तेव्हा त्यांनी चपला पायात सरकवल्या आणि दार उघडलं. बाहेर लेकच उभी होती, कडेवर पेंगुळलेलं मूल घेऊन. "दोन महिने दिसताय मला पडद्याआडून," ती म्हणाली. "तुमच्या घराचा उंबरा चढू नको म्हणाला होतात. हे तर भाड्याचं आहे ना, बाबा?" काका बाजूला झाले. आत येत ती आईला म्हणाली, "हिला घे गं जरा. कालपासून ताप होता, आत्ता उतरलाय. माझे हात पार भरून आलेत."