लाल रेघ

उन्हाळा लागला, वारा पडला आणि बेटाभोवती गळ टाकणाऱ्या हौशी लोकांची झुंबड उडाली. धक्क्यावर निरीक्षक मोजपट्टी घेऊन उभा होता. पट्टीवरच्या लाल रेघेपेक्षा आखूड मासा परत पाण्यात. कापून आणला तर सरळ दंड, कारण डोकं-शेपूट उडवल्यावर मोजायचं काय? सकाळपासून त्यानं कुणाचीच गय केली नव्हती, सख्ख्या शेजाऱ्याचीसुद्धा.

रांगेतून त्याचे वडील पुढं आले. एके काळी त्यांच्या गळाला लागलेला मासा उचलायला दोघं लागायचे. आता गळ धरतानाही हात थरथरायचे. त्यांनी पिशवी उघडली. आत नुसते तुकडे, तेही बोटभर.

"बाबा, कापून कशाला आणलेत?"

"घरी सुनेला त्रास नको म्हणून." वडील त्याच्याकडे बघत नव्हते.

रांगेतल्यांनी माना उंचावल्या. निरीक्षकानं पिशवीचं तोंड स्वतःच्या हातानं बांधून दिलं. "सावकाश जा, बाबा."

तो वळला, तेव्हा रांगेतला पुढचा माणूस सुरी काढून धक्क्यावरच उकिडवा बसला होता.

"आमच्याही सुनेला त्रास नको, साहेब."