भोपळा खाऊनही धडधड

“हलू नका,” बायको म्हणाली आणि तिनं त्याच्या मनगटावर अंगठा दाबला.

जेवण नुकतंच आटोपलं होतं. ताटं अजून टेबलावरच होती. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ती ओठांतल्या ओठांत मोजत राहिली आणि तिचा चेहरा उतरत गेला.

“पळतंय. कालच्यापेक्षा जास्त.”

“अगं, पण मला काहीच होत नाहीये.”

“आतल्या आत होत असेल. तुम्हाला स्वतःचं कधी काही कळलंय?”

मागच्या हिवाळ्यात त्याला ताप आला तेव्हाही तिनंच सांगितलं होतं. तो आपला घर एवढं गार का पडलंय म्हणून खिडक्या लावत फिरत होता.

तो बांधकामावर क्रेन चालवायचा. ढगांच्या जरा खाली असलेल्या केबिनमध्ये बसून लोखंडी तुळई जमिनीवरच्या खडूच्या खुणेवर अलगद टेकवायचा. स्वतःच्या मनगटातली नाडी मात्र त्याला कधी सापडली नाही. बायकोला सापडायची. कंपनीनं कामगारांच्या घरच्यांसाठी प्रथमोपचाराचं शिबिर घेतलं होतं. ती शेवटच्या रांगेत होती आणि पुढे एका धिप्पाड माणसाचं डोकं होतं, तरी जेवढं दिसलं तेवढं ती शिकून आली. त्याच दिवशी जेवणानंतर तिनं नवऱ्याचा हात धरला आणि धडधड उघडकीला आली.

आता वार्षिक तपासणी तोंडावर आली होती. हृदयात खोट निघाली की माणूस क्रेनवरून खाली, भांडारात, हेल्मेट वाटायला. भांडाराला खिडकीसुद्धा नव्हती.

पथ्य सुरू झालं. मीठ गेलं, चहा गेला, तळलेलं गेलं, गोड गेलं. त्याच्या ताटात उकडलेला भोपळा आला. बायकोचा हात मात्र जुन्याच अंदाजाचा. बाकी सगळं दोघांपुरतं व्हायचं, आणि अन्न टाकायचं नाही ही तर घरची शिस्त. मग त्याच्या वाटणीचं तळलेलं, गोड, वर त्याचा चहा, असं सगळं ती बिचारी संपवायची. काढा प्यायल्यासारखं तोंड करून.

धडधड वाढली.

“भोपळाच बाधतोय तुम्हाला,” ती म्हणाली. भोपळा गेला, गाजर आलं. धडधड आणखी वाढली. मोजताना तिला दरदरून घाम फुटायचा. त्याला वाईट वाटायचं. आपल्यापायी हिच्या जिवाला किती घोर!

एकदा दुपारी डबा खाऊन त्यानं मित्रापुढे हात केला. मित्र क्रेनखाली उभा राहून त्याला इशारे द्यायचा. शिबिरात तो पहिल्या रांगेत होता. त्यानं दोन बोटं टेकवून मोजलं.

“हे तर झोपलंय की रे.”

“डबा तर घरचाच होता.”

“मग डब्याचा दोष नाही. घरी कोण मोजतं?”

“बायको.”

“इतक्या वर्षांनी बायकोनं हात धरला तरी धडधडतं? नशीबवान आहेस लेका. माझी बायको फक्त कॉलर धरते.”

त्यानं हे हसण्यावारी नेलं नाही. त्या संध्याकाळी बायको मोजत असताना त्यानं डोळे मिटले आणि मुद्दाम कंपनीच्या मोठ्या साहेबांचा चेहरा आठवला.

“बाई गं,” बायको म्हणाली, “आज तर कहर आहे.”

साहेबांच्या आठवणीनंही धडधडावं, याचा अर्थ त्याला लागेना. लावायची हिंमतही होईना.

तपासणीच्या दिवशी तीही निघाली. बरोबर दोघांचा डबा.

“तिथं काही बोलू नकोस,” तो म्हणाला. “केबिन जाईल माझी.”

“बोलणार. वर लोखंड टांगलेलं असतं आणि खाली कुणाची तरी पोरं उभी असतात. खोटं बोलून चढायचं नाही.”

दवाखान्याच्या जिन्यात ती दोनदा थांबली. “तुम्हाला दम लागू नये म्हणून,” असं म्हणाली. त्याला दम लागला नव्हता, पण तो थांबला. डॉक्टरांच्या दाराबाहेरच्या बाकावर दोघं जेवले. गाजर त्याला, बाकीचं तिला.

आत डॉक्टरबाईंनी त्याला तपासणीच्या टेबलावर निजवून तारा लावल्या. कागदाची पट्टी बाहेर आली. ती त्यांनी नीट पाहिली.

“हृदय उत्तम आहे.”

“जेवल्यावर नसतं,” बायको म्हणाली.

“आत्ता जेवूनच आलेत ना?”

“मग यंत्र बिघडलंय.”

त्यानं छताकडे पाहिलं. तिथं त्याला भांडाराचं छत दिसायला लागलं.

“थांबा, दाखवतेच,” म्हणत ती उठली आणि तिनं त्याचं मनगट पकडलं. “हे बघा! घोडं उधळल्यासारखं पळतंय. खोटं सांगतेय का मी?”

डॉक्टरबाईंनी त्याच्या दुसऱ्या मनगटावर दोन बोटं ठेवली. मग त्यांची नजर बायकोच्या अंगठ्यावर गेली.

“नेहमी अंगठ्यानंच बघता?”

“पहिल्यापासून.”

“ताई, अंगठ्याला स्वतःची नाडी असते.”

त्यांनी त्याचा हात सोडला आणि तिचा धरला. घड्याळाकडे बघत त्या मोजत राहिल्या. तो टेबलावर तसाच पडून होता, तारांसकट, आणि त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

“जेवल्यावर तुमच्या छातीत काही होतं का?” त्यांनी तिला विचारलं.

“ते तर रोजच होतं,” बायको म्हणाली. “पण ते यांच्या काळजीनं.”