टाचेला अंगठा

नीलम्मानं उजव्या पायाच्या अंगठ्याला डाव्या पायाची टाच भिडवली आणि मोठ्यानं म्हटलं, "अकरा." टाच टेकली की नाही, हे तिला खाली वाकून बघावं लागे. पायांना काही कळत नव्हतं. बांधावर ढेकूळ असो की गवत, दव असो की धूळ, सगळं सारखंच.

हे खूळ पालमच्या दवाखान्यातल्या सुमनबाई नर्सनं तिच्या डोक्यात भरलं होतं. दुसऱ्यांदा पडल्यावर नीलम्मा तिच्याकडं गेली होती. सुमनबाईनं पिंढऱ्या दाबून पाहिल्या. "मावशी, वय झालं की रक्ताच्या नसा कडक होतात, उन्हात पडलेल्या रबरी नळीसारख्या. रोज पावलाला पाऊल लावून चाला. ध्यान राहावं म्हणून मोजत चाला. शेवटी एका पायावर उभं राहा. तोल सांभाळताना पिंढऱ्या कामाला लागतात, रक्त खेळतं, नसा मऊ पडतात. तिसऱ्यांदा पडलात तर खुबा मोडेल."

खुबा मोडण्याची नीलम्माला भीती नव्हती. भीती उदगीरची होती. उदगीरला तिची लेक महादेवी. पहिल्यांदा पडली तेव्हा लेकीनं दोन महिने नेऊन ठेवलंच होतं. आता तिचा कागद आला होता की, विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद पडलेल्या एसट्या सुरळीत झाल्या की न्यायला येते, तू एकटी राहण्याजोगी उरली नाहीस. आणि नीलम्माला जायचं नव्हतं. बांधाच्या टोकाला तिच्या नवऱ्याची, वीरभद्राची समाधी होती. लिंगायताच्या माणसाला आपल्याच रानात मूठमाती मिळते. वर एक दगड, दगडावर विभूती, रोज एक बेलाचं पान. एवढाच संसार उरला होता, आणि तो सोडून ती कुठं जाणार?

तीन वर्षं झाली होती. लोक म्हणत, बाई दगड झाली, डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. खरंच काढलं नव्हतं. सण आले, गेले. भाकरीला चव नव्हती, थंडीला बोच नव्हती. पाय तर नंतर बधिर झाले, बाई आधीच झाली होती.

लोक कामाला एका पायावर तयार असतात. नीलम्मा काही काम नसताना रोज सकाळी त्या दगडापुढं एका पायावर उभी राही. बांधापलीकडं तिच्या दिराचं, शिवाप्पाचं रान. तो ज्वारीतून बघत राही. अलीकडं त्याला वहिनीचा फारच कळवळा आला होता. कधी दूध पाठवी, कधी वाळूक, कधी हरभऱ्याची जुडी. शेजारचा दीर चांगला निघाला, एवढं नीलम्माच्या मनात येई, आणि तेही लगेच विरून जाई.

"बारा," ती म्हणाली. "तेरा."

"वहिनी, बास करा." शिवाप्पा ज्वारीतून बाहेर आला होता. त्याच्या तोंडावर रक्त नव्हतं. "महिना झाला, रोज मोजायलाव. गाव बघायलंय. मला झोप न्हाई. बांध मीच कोरून तुमच्या रानात सरकवला. पाच पावलं. तुमी उदगीरला होताव तवा."

पावलाला पाऊल लावून, आकडे म्हणत, बांधावरून चालणारा माणूस आपल्याकडं एकच काम करतो. हे तिच्या आता ध्यानात आलं.

"भावजी, मी जमीन कुठं मोजायलेय? नर्सबाईनं चालायला सांगितलंय. नसा मोकळ्या व्हायला."

शिवाप्पानं डोक्यावरचा टॉवेल काढून हातात धरला. बोलून चुकला होता, आता गिळता येत नव्हतं.

पाच पावलं गेली. नीलम्माला काही वाटलं नाही. माती ती माती. असू द्या म्हणावं आणि आपलं चालणं पुरं करावं, म्हणून ती दगडाकडं वळली.

"वहिनी," शिवाप्पा खाली बघत म्हणाला, "बांध सरकल्यावर दगड लांब एकटाच दिसू लागला असता. तुमाला कळलं असतं. म्हणून त्योबी उचलून हितं आणून ठेवला."

नीलम्मा दगडाकडं बघत राहिली. कालचं बेलाचं पान त्यावर सुकलं होतं.

"मग हे कुठं हायत?"

शिवाप्पानं मान वळवून आपल्या ज्वारीकडं पाहिलं. कणसं भरली होती. पीक यंदा लय चांगलं आलं होतं.

नीलम्माला राग आला. तीन वर्षांत पहिल्यांदा काहीतरी आलं, आणि ते इतकं एकदम आलं की तिच्या कानशिलांत रक्त ठोके द्यायला लागलं. पण ती पडली नाही. दोन्ही पाय बांधावर रोवून उभी राहिली.

"पाच पावलं म्हणालाव. कुणाची? तुमची का माझी?"

"माझी."

"मग लावा टाचेला अंगठा. माझ्यासमोर मोजा."

शिवाप्पा चपला काढून दगडापाशी गेला. पाच पोती एकट्यानं गाडीत भरणारा गडी. त्यानं ज्वारीच्या दिशेनं एक पाऊल टाकलं, त्याला दुसरं भिडवलं, आणि त्याचा तोल गेला. आधारासाठी त्यानं हात पुढं केला.

नीलम्मानं तो धरला नाही. "पुन्हा पहिल्यापासून," ती म्हणाली.