झाकणभर ब्रँडी

धनश्रीनं ब्रँडीनं भरलेलं झाकण हातात घेतलं, पदर डोक्यावर ओढला आणि ती मोरीत शिरली.

सासऱ्यांसमोर सुनेनं दारूला तोंड लावायचं नाही, हा घरचा रिवाज. आणि सातव्या महिन्यापासून सुनेनं रोज संध्याकाळी झाकणभर ब्रँडी घ्यायची, हा सासऱ्यांचाच हुकूम. बमरोलीतल्या त्या एका खोलीत दोन्ही पाळायचं तर मोरीशिवाय आडोसा नव्हता.

गुजरातेत दारूबंदी. म्हणून सासरे सुकलाल स्वतः हद्दीपलीकडे नवापूरला जाऊन ज्वारीच्या पिशवीत बाटली लपवून आणायचे. धनश्रीची पहिली दोन बाळं पोटातच गेली होती. "अंगमा गरमी राही तं पोर टिकी," हे सुकलालांचं निदान. त्यांच्या आईनं म्हणे अकरा बाळंतपणं अशीच काढली होती. त्या अकरातली किती पोरं जगली, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

आरोग्य केंद्रातल्या उषाबाई सिस्टर मात्र कडाडल्या होत्या. "एक थेंबसुद्धा नाही! तू प्यायलीस म्हणजे बाळच प्यायलं." सासू भागीरथीबाई तेव्हा पडद्यापलीकडे सुनेच्या चपला सांभाळत बसल्या होत्या.

तरी रोज झाकण भरून हातात ठेवायच्या त्या भागीरथीबाईच. "डोळा मिची ले अन गिळी टाक."

धनश्रीला नाही म्हणवत नसे. दोन्ही वेळा ती रिकाम्या हातानं दवाखान्यातून आली, तेव्हा याच सासूनं तिला न्हाऊ घातलं होतं, घास भरवले होते, शेजारणींची तोंडं बंद केली होती. सख्ख्या आईनंही इतकं केलं नसतं. अशा माणसाचं मन कसं मोडायचं?

म्हणून ती श्वास रोखून झाकण मोरीत उपडं करायची, वर तांब्याभर पाणी ओतायची आणि तोंड वाकडं करत बाहेर यायची. सुकलाल समाधानानं मान डोलवायचे. त्या तीन महिन्यांत मोरीपाशी मुंग्यांनी उच्छाद मांडला होता. भागीरथीबाई तिथं हळद टाकायच्या.

मुलगी झाली. तीन किलोची, खणखणीत आवाजाची. धनश्री तिला छातीशी धरून पोटभर रडली. कुणाकुणाचे उपकार मानू, असं तिला झालं. सासूचा चेहरा समोर आला की मात्र तिची मान खाली जायची.

भागीरथीबाई तर चाळभर सांगत सुटल्या, "आमनी बाटलीना गुण शे हाऊ!"

सव्वा महिना झाला. धनश्री पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर पडणार, त्या सकाळी सासूनं बाटली पदराआडून तिच्या हातात दिली. "शेजारनी नीलमले दी ये. तिले सातवा लागना."

धनश्री उंबऱ्याशीच थांबली. गप्प बसावं तर नीलमच्या बाळाचं काय? आणि बोलावं तर सासू पुन्हा कधी जवळ घेईल का? पाळण्यातली पोर झोपेत हसली. धनश्रीनं बाटली घट्ट धरली.

"आई, मी एक थेंबही प्यायले नाही. रोज मोरीत ओतलं. तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत आणि मी तुम्हालाच फसवलं. मला काय बोलायचं ते बोला, पण ही नीलमला नका देऊ."

भागीरथीबाईंनी दाराबाहेर पाहिलं. सुकलाल ओट्यावर दात घासत होते. सासूनं दार अर्धं लोटलं आणि सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला.

"तुना सासरानी काल तिना घर नवी बाटली दी टाकी. ती खरी शे. ती तिनी मोरीमा ओती दे, अन ही तिले दे," त्या कुजबुजल्या. "हाई बाटलीमा पहिला दिनपासून मी ताजं गुळनं पानी भरस."