स्वतः काढलेला वाघ

वाढदिवसाच्या फ्लेक्सवर सगळेच नेटवरचा वाघ लावतात, आपण मात्र स्वतः काढलेला लावायचा, असा वीरधवलनं चंगच बांधला होता. ऊसतोड संपल्या संपल्या तो हातभर लेन्स घेऊन ताडोबाला गेला. दोन सफारी कोरड्या गेल्या. तिसरीला वाघ जिप्सीसमोर वाटेतच येऊन बसला. वीरधवलनं धडाधड फोटो काढले, पण वाघाला घाई नव्हती. एक जांभई देऊन तो शांतपणे कॅमेऱ्याकडं बघत राहिला.

परतीच्या गाडीतूनच वीरधवलनं कऱ्हाडच्या फ्लेक्सवाल्याला सगळे फोटो पाठवले. आधी स्वतःचा, मग खालच्या रांगेतल्या मित्रांचे आणि शेवटी वाघाचा.

वाढदिवसाच्या सकाळी तो बायकोला, संयोगिताला, मोठ्या तोऱ्यात चौकात घेऊन आला. फ्लेक्सवर मधोमध गॉगल लावलेला वीरधवल होता आणि शेजारी डरकाळी फोडणारा, तोच तो नेटवरचा वाघ. त्याचा स्वतःचा वाघ खाली 'शुभेच्छुक' म्हणून मित्रांच्या रांगेत, गोल चौकटीत बसला होता.

वीरधवलनं तिथूनच फ्लेक्सवाल्याला फोन लावला. "आरं, वाघाला शुभेच्छुकांत बसवतोस व्हय रं?"

"दादा, डरकाळीवाला आमच्याकडं असतोयच की. ह्यो गप बसलेला, म्हटलं तुमच्यातलाच कोन तरी असंल."

वीरधवल फ्लेक्स फाडायलाच निघाला, तसा संयोगितानं त्याचा हात धरला.

"आवं, ऱ्हाऊ द्या की. एवढ्या शुभेच्छुकांत रातच्याला मटण खायला न येणारा त्यो एकटाच हाय."